पुल्लातली आठ गिरमिटं

"नाही मावणार!" ओक्को ओरडला.

"मावणार!" हेल्का त्याहून मोठ्यांदा ओरडली. "तू फक्त गुडघे आवळून बस."

"गुडघे ठेवू कुठे? खिशात?"

उणे अठरा अंशांच्या थंडीत उक्कींच्या अंगणात सकाळपासून हा तमाशा चालला होता. उक्की म्हणजे या दोघा भावंडांचे आजोबा, हेइमो. हिवाळी सुट्टीतल्या शनिवारी कुइक्का तलावावर गावाची मासेमारीची स्पर्धा भरायची. गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि शेजाऱ्याला किती मिळाले हे बघायचं नाही असं ठरवून सारखं तेच बघायचं! मुलांच्या गटाला लागणारं सामान दरवर्षी उक्की पोचवायचे. पण परवा अंगणात घसरून त्यांची कंबर धरली. त्यात आज सकाळी त्यांच्या म्हाताऱ्या व्हॅनची किल्ली फिरवली, तर तिनं एकदा खोकून डोळेच मिटले. दुष्काळात तेरावा महिना!

उरली ती पुल्ला.

पुल्ला म्हणजे हेल्काची मोपो गाडी. पंधरा वर्षांच्या पोरांना चालवू देतात ती, दोन सीटची, ताशी पंचेचाळीसच्या वर काही केल्या न जाणारी. रंगानं आणि आकारानं ती थेट वेलदोड्याच्या गोड पावासारखी होती, म्हणून त्या पावाचंच नाव, पुल्ला. हेल्कानं दोन उन्हाळे स्ट्रॉबेऱ्या वेचून ती घेतली होती. पुल्लाविषयी कुणी वाकडा शब्द काढलेला तिला मुळीच खपत नसे.

"पात्यांना टोप्या घातल्यात ना?" उक्कींनी दारातूनच विचारलं. कमरेला लोकरी पट्टा, हातात कॉफी. "पातं उघडं राहिलं तर सीट फाटेल. नाहीतर ओक्को."

"ओक्को फाटला तर चालेल. सीटला ठिगळ लावता येत नाही!" हेल्का म्हणाली.

बर्फाला भोक पाडायची आठ गिरमिटं होती. प्रत्येकाची पाती उक्कींनी हिवाळाभर स्वयंपाकघरात बसून घासली होती, इतकी की त्यांच्याकडे नुसतं बघून बोट कापेल! सात गिरमिटं दुमडून मागे गेली. त्यांच्यावर बसायच्या पेट्या, पेट्यांवर गळ, फटीफटीत हातमोजे आणि केशरी जाकिटं. लोखंडी पहार दोन सीटांच्या मधे. प्लॅस्टिकची ओढगाडी छतावर पालथी, दोरानं आवळलेली. आठवं गिरमिट मात्र उक्कींचं स्वतःचं, जुनं, न दुमडणारं. ते ओक्कोच्या मांडीवरून आडवं निघालं आणि खिडकीतून हातभर बाहेर आलं.

"म्हणजे खिडकी उघडी ठेवून जायचं? या थंडीत?"

"टोपी आहे ना तुला?"

"आणि अळ्या?" आमिषाच्या अळ्यांची डबी ओक्कोनं वर धरली. "गोठून मरतील बिचाऱ्या."

"अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेव. आणि ओक्को, सीटवर एक जरी अळी दिसली ना, तर तुला परत चालत पाठवीन!"

उक्की लंगडत गाडीपाशी आले आणि दोघांच्या गळ्यात बर्फखिळे अडकवले. पाण्यात पडलं तर हे खिळे बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं असतं. तळ्यावर जाणारा माणूस एक वेळ पँट विसरेल, पण हे विसरणार नाही.

"दुपारच्या सुपाला शेजारी मला घेऊन येतोय," उक्की म्हणाले. "पूल ओलांडलात की खाली बघा एकदा. माझी झाडं नीट उभी आहेत का ते सांगा."

"उक्की, तू दर वेळी हेच सांगतोस."

"कारण दर वेळी तेच महत्त्वाचं असतं," उक्की म्हणाले आणि कॉफी प्यायला आत गेले.

*

पुल्ला निघाली. म्हणजे निघाली असं म्हणायचं! चढावर तिला मागून येणाऱ्या गोगलगायीनंही गाठलं असतं. एका पिकअपनं त्यांना मागे टाकताना भोंगा वाजवला आणि आतला माणूस ओरडला, "पोरांनो, उन्हाळ्यापर्यंत पोचाल ना?"

"उन्हाळ्यापर्यंत तुमची गाडी तरी चालेल का?" ओक्को खिडकीतून ओरडला. त्याच्या भुवयांवर दंव साचलं होतं आणि दोन्ही हातांनी त्यानं गिरमिट पकडलं होतं. "हेल्का, माझं नाक आहे का अजून जागेवर?"

"आहे. लाल झालंय. ब्रेकचा दिवा म्हणून चालेल."

पण हळू जाण्यात एक फायदा असतो, आणि तो वेगानं जाणाऱ्यांना कधीच कळत नाही. हळू जाणाऱ्याला दिसतं. सामुद्रधुनीसारख्या अरुंद चिंचोळ्या पाण्यावरून रस्त्याचा पूल जात होता. तळ्याचे दोन भाग तिथे जोडले जायचे, आणि खाली प्रवाह असल्यामुळे भर हिवाळ्यातसुद्धा तिथला बर्फ फसवा असायचा. पुलावर आल्यावर ओक्कोनं मान बाहेर काढून खाली पाहिलं.

"थांब! हेल्का, थांबव गाडी!"

"अळ्या सांडल्या ना? सांगितलं होतं मी!"

"अळ्या नाहीत गं! झाडं! उक्कीची झाडं कुठायत?"

हेल्कानं पुलाच्या पलीकडे गाडी कडेला घेतली. दोघं कठड्याशी धावली. खाली सगळं पांढरंशुभ्र, गुळगुळीत, नवंकोरं. काल रात्री हिम पडलं होतं. त्या पांढऱ्यावर एकही झाड उभं नव्हतं.

दर वर्षी जानेवारीत उक्की कंबरभर उंचीची, सुयांसारख्या पानांची स्प्रूसची झाडं तोडून आणायचे, त्या फसव्या बर्फाभोवती भोकं पाडून त्यांत ती रोवायचे आणि वरून पाणी ओतून गोठवायचे. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, झाडांच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि झाडं नसतील तिथे डोळे मिटून जायचं. तीस-चाळीस वर्षं उक्कींच्या झाडांवर अख्खा गाव असा डोळे मिटून चालत आला होता.

"यंदा लावलीच नव्हती की काय?" ओक्को पुटपुटला.

"वेडा आहेस का? पाण्याची बादली मीच धरली होती. बोटं गोठली होती माझी!"

दोघं उतारावरून खाली गेली. हेल्कानं पहार घेतली होती. पुढे एक पाऊल, पहारीचा एक ठोका, मग दुसरं पाऊल. काठाजवळच तिला उंचवटा लागला. ओक्कोनं हातानं हिम बाजूला केलं. आत बर्फात रुतलेला एक खुंट होता. मनगटाएवढा जाड, आडवा कापलेला. आजूबाजूला पिवळा भुसा!

"करवतीनं कापलंय," ओक्को कुजबुजला. "ताजं आहे. राळेचा वास येतोय बघ."

"कुणी?" हेल्काचा आवाज चढला. "कुणी कापेल? या गावात असला गाढव कोण आहे?"

"कुणीही असो. हेल्का, काही झालं ना, तर सगळे म्हणणार, हेइमो म्हातारा झाला. विसरला."

हेल्कानं खुंटावरचा भुसा झटकला. तेच तर होतं. उक्कींकडे ना मोठं घर होतं, ना मोठी गाडी. होता तो हा विश्वास. तो गेला तर त्यांचं काय राहील?

ओक्कोनं पहारीनं भोवतीचा बर्फ फोडून खुंटाचा मुठीएवढा तुकडा उपटून काढला. "असू दे," तो म्हणाला. "पुरावा." आणि तो त्यानं बाहेरच्या खिशात टाकला.

*

स्पर्धेच्या खाडीत जत्रा भरली होती. तंबूत मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप रटरटत होतं, सॉसेज भाजल्याचा धूर वर चढत होता, आणि तळ्यावर शंभरएक माणसं पेट्यांवर बसून आपापल्या भोकाकडे टक लावून बघत होती. मोठ्यांची स्पर्धा सुरू झाली होती.

"किती उशीर!" पिह्ला धावत आली. ही हेल्का-ओक्कोची शेजारीण, अकरा वर्षांची, आणि बोलायला लागली की कात्रीसारखी. पुल्लात तिसरी सीट नाही म्हणून ती सकाळीच बाबांबरोबर पुढे आली होती. "मी तुमच्यासाठी तीनदा खोटं बोलले. आता पोचतील, आता पोचतील!"

"पिह्ला, उक्कीची झाडं कापली कुणीतरी," ओक्को म्हणाला. "पुलाखालची. सगळी!"

"अहाहा, आलं का सामान?" मागून जाडजूड आवाज आला. रायमो, मासेमारी मंडळाचे अध्यक्ष. छातीवर बिल्ला, हातात कर्णा, चेहऱ्यावर आज मी फार महत्त्वाचा आहे असा भाव. "त्या डबीतनं आणलंत? शाबास. सामान असू दे गाडीतच. मुलांचा गट जेवणानंतर."

"रायमो, ऐका ना," हेल्का म्हणाली. "पुलाखालच्या खुणा गेल्यात. एकही झाड नाही!"

"हो, माझ्याही लक्षात आलंय ते," रायमो मान हलवत, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हेइमोनं यंदा लावलेली दिसत नाहीत. वय झालंय, चालायचंच. मोसम संपला की मंडळात विषय काढणार आहे मी. दुसरा माणूस बघायला हवा."

"लावली होती!" ओक्को उसळला. "मी हा खुंट..."

"हळू बोल! मासे पळतील!" आणि रायमो कर्णा सावरत निघून गेले.

उचलली जीभ, लावली टाळ्याला! ओक्कोच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं आणि पापण्यांवरच गोठलं. पिह्ला मात्र काहीच बोलली नाही. पिह्ला गप्प बसली म्हणजे समजावं, काहीतरी शिजतंय.

"तो खुंट दाखव," ती म्हणाली.

तिनं तो उलटासुलटा करून बघितला आणि सरळ चालायला लागली. स्पर्धेच्या जागेला हद्द असते. त्या हद्दीबाहेर गळ टाकला तर मासे बाद! ती दाखवायला चारी बाजूंनी स्प्रूसची झाडं खोचली होती. पिह्ला त्यातल्या पहिल्याच झाडापाशी गुडघ्यावर बसली.

"मी सकाळपासून विचार करतेय," ती म्हणाली. "रायमो म्हणाले, काल जंगलातून ताजी आणली. मग सुया अशा तपकिरी का? हात लावला की झडतात! आणि खालच्या फांद्यांवर बर्फाचे गोटे का? जंगलात झाडाच्या बुंध्याशी पाणी ओततं का कुणी?"

हेल्कानं झाड हिमातून उपटलं. नुसतं खोचलेलं होतं, लगेच आलं. बुंध्याखाली ताजा, पिवळा काप होता. ओक्कोनं खुंट लावून पाहिला. बसला नाही. दुसरं झाड. नाही. तिसरं. चौथं. पाचव्या झाडाला खुंट असा बसला की जणू डब्याला झाकण! वर्तुळ वर्तुळाला मिळालं, सालीवरचा ओरखडासुद्धा वरून खाली सरळ उतरला.

"रायमो!" तिघं एकदम म्हणाली.

"जंगलात जायचा कंटाळा!" पिह्लाचे डोळे चमकले. "म्हणून वाटेत दिसली ती कापून आणली. आणि वर म्हणे हेइमो विसरला! चोर तो चोर, वर शिरजोर!"

"चल, दाखवू सगळ्यांना!" ओक्को निघाला. पण पिह्लानं त्याची बाही घट्ट धरली. तिचा चेहरा एकदम उतरला होता.

"ओक्को... यार्क्को गेलाय. चिल्लीपिल्ली घेऊन."

यार्क्को हा रायमोंचा मुलगा. स्नोमोबाइलला मोठी लाकडी स्लेज जोडून तो लहान मुलांना बेटाभोवती फिरवून आणणार होता. बेटाची फेरी पुलाखालच्या चिंचोळ्या पाण्यावरून परत यायची. एरवी तो झाडांना वळसा घालून पलीकडच्या काठानं यायचा. आज झाडं नव्हती. आज तो मधूनच येणार!

"नुउत्ती आहे त्यात," पिह्ला म्हणाली. नुउत्ती तिचा पाच वर्षांचा भाऊ. "मीच बसवलं त्याला. पांघरूण गुंडाळून."



"फोन!" हेल्कानं फोन काढला. थंडीनं केव्हाच मान टाकली होती. पिह्लाचा चालू होता. घंटा वाजत राहिली, पण हेल्मेटमधल्या यार्क्कोला ती थोडीच ऐकू येणार!

"निघून किती वेळ झाला?"

"तुम्ही यायच्या थोडं आधी. बेटावर ते सॉसेज भाजायला थांबतात."

"मग पुल्ला पोचेल," हेल्का म्हणाली. "रस्त्यानं पुलापर्यंत जवळ आहे. ओक्को, बस! पिह्ला, दोनच सीटा आहेत गं..."

"माहितीये मला! तुम्ही जा. मोठ्यांना कसं हलवायचं ते मी बघते!" पिह्लानं डोळे पुसले आणि खुंट नि झाड दोन्ही काखेत मारून ती रायमोंच्या दिशेनं सुटली.

*

"जोरात!"

"याहून जोरात नाही जात ती!"

"पुढे वाकून बघ!"

"मी वाकून गाडी जोरात जाते का रे गाढवा?" हेल्का ओरडली. पण वाकली. दोघंही वाकली. पुल्ला थरथरत होती, छतावरची ओढगाडी खडखडत होती, मागे सात गिरमिटं नाचत होती, आणि खड्ड्यात एक असा दणका बसला की ओक्कोच्या खिशातली डबी उघडून अळ्या सगळ्या सीटवर पसरल्या.

"सांडल्या," ओक्को घाबरत म्हणाला.

"असू देत!" हेल्का म्हणाली. तिनं तिकडे बघितलंही नाही. तेव्हा ओक्कोला कळलं, की त्याच्या बहिणीला किती भीती वाटते आहे.

पूल आला. दूरवर, बेटाच्या टोकाशी, एक काळा ठिपका हलत होता. इंजिनाची गुरगुर ऐकू येत होती.

"ओरडून उपयोग नाही," हेल्का धापा टाकत म्हणाली. "हात हलवले तर तोही हात हलवील आणि येत राहील. काय करायचं?"

ओक्को गाडीच्या मागच्या दाराकडे बघत होता. "यार्क्को कशाला थांबतो?"

"म्हणजे?"

"बर्फात ओळीनं काही उभं दिसलं की थांबतो! आपल्याकडचा कुणीही थांबतो. झाडं नाहीत ना? मग गिरमिटं लावू!"

हेल्कानं झटकन दोर सोडून ओढगाडी खाली ओढली. गिरमिटं, जाकिटं, गळ, सगळं त्यात कोंबलं. दोघांनी दोराची टोकं एकमेकांच्या कमरेला बांधली. काठावरून पुढे पहार, मग पाऊल. हेल्का ठोकत पुढे, ओक्को मागून ओढत. पहारीचा ठोका घट्ट वाजला की पुढे जायचं. पोकळ वाजला तर तिथेच थांबायचं.

"पण रेघ कुठे आखायची?" हेल्का म्हणाली. "सगळं सारखंच दिसतंय!"

"खुंट शोध! उक्कीचे खुंट इथेच आहेत!"

ओक्कोनं बुटानं हिम सारलं. एक खुंट! त्याच्या पलीकडे आणखी एक. झाडं चोरीला गेली होती, पण उक्कींनी जानेवारीत आखलेली रेघ खाली जशीच्या तशी होती. प्रत्येक खुंटाच्या बाहेरच्या बाजूला ओक्को पात्याची टोपी काढून गिरमिट टेकवायचा, तीन-चार फेरे मारायचा, पाती कचकन बर्फात रुतायची आणि गिरमिट ताठ उभं राहायचं. मग हेल्का त्याच्या मुठीवर केशरी जाकीट अडकवायची. एक. दोन. तीन. बोटं बधिर झाली होती. गुरगुर वाढत होती.

"येतोय!"

"बघू नको! लाव!"

सहा. सात. आता मुलांची गाणीसुद्धा ऐकू येऊ लागली. स्लेज सरळ त्यांच्या रोखानं धावत होती. आठवं गिरमिट उक्कींचं, जुनं. ओक्कोनं सगळं अंग त्याच्यावर टाकून ते रोवलं आणि स्वतःच्या डोक्यावरची लाल टोपी काढून त्याच्यावर चढवली.

यार्क्कोनं ती ओळ पाहिली. काय आहे ते त्याला कळलं नाही. पण तो या तळ्याच्या काठी वाढला होता. डोक्याला कळायच्या आत त्याचा अंगठा वेगाच्या खटक्यावरून सुटला. स्नोमोबाइल घसरत, हिमाचे फवारे उडवत ओळीच्या अलीकडे थांबली.

"कोण रे तुम्ही?" यार्क्को हेल्मेट काढून गरजला. "वाटेत गिरमिटं रोवून खेळ मांडलाय? पोरं आहेत माझ्या मागे!"

"म्हणूनच!" ओक्को उघड्या डोक्यानं, लाल कानांनी ओरडला. "ओळीच्या आत जाऊ नका! खाली बर्फ नाही!"

"नाही कसा? झाडं कुठायत मग?"

"तुमच्या बाबांना विचारा!"

यार्क्कोनं उक्कींचं गिरमिट उपटलं, ओळीला धरून उभा राहिला आणि हात लांबवून आतल्या बाजूला फिरवलं. एक फेरा. दुसरा अर्धा. गिरमिट मुठीपर्यंत भस्सकन खाली गेलं आणि काळं पाणी वर उसळलं.

यार्क्कोच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो मागे वळून स्लेजकडे बघत राहिला. पांघरुणात गुंडाळलेली नऊ डोकी त्याच्याकडे बघत होती.

"थांबलो का?" नुउत्तीनं विचारलं. "मी उतरणार नाही! अजून फिरायचंय!"

"फिरू या," यार्क्को कसाबसा म्हणाला. "आल्या वाटेनं."

*

यार्क्को स्लेज घेऊन आणि भावंडं पुल्लातनं खाडीकडे परत येताना त्यांना समोरून अख्खी स्पर्धा भेटली! माणसं काठाकाठानं पुलाकडे पळत सुटली होती. कुणी स्कीवर, कुणी पायानं ढकलायच्या घसरगाडीवर, कुणी नुसतंच धडपडत. सगळ्यांच्या पुढे टोपी हरवलेले रायमो होते आणि त्यांच्या शेजारून पिह्ला. कर्णा तिच्या हातात होता.

झालं होतं असं. पिह्लानं रायमोंच्या हातातून कर्णा हिसकावला, भर स्पर्धेत, जिथे लोक खोकतानासुद्धा तोंडावर हात धरतात तिथे, आणि ओरडली, "पुलाखालच्या खुणा कापून तुमची ही हद्द आखलीय! हा बघा बुंधा आणि हा बघा खुंट! आणि माझा भाऊ स्लेजमधून तिकडेच येतोय!" शंभर गळ एकदम खाली पडले. त्या स्लेजमध्ये रायमोंची नातही होती, हे त्यांना तेव्हा आठवलं.

नुउत्तीला पाहताच पिह्लानं कर्णा टाकला आणि त्याला असं आवळलं की तो किंचाळला. "सोड गं! सॉसेज बाहेर येईल!"

रायमोंनी नातीला उचललं. बराच वेळ ते तिच्या टोपीत तोंड खुपसून उभे होते. तेवढ्यात शेजाऱ्याची गाडी काठाशी थांबली आणि उक्की उतरले, ढकलत्या घसरगाडीचा आधार घेत. त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं.

"हेइमो," रायमो म्हणाले. आवाज आज पहिल्यांदाच बारीक होता. "काल अंधार पडत आला होता. ती झाडं सुकलेली दिसली. मला वाटलं, जुन्या स्कीवाटेच्या खुणेची असतील. खात्री करायला हवी होती. केली नाही. आणि आज सकाळी..." ते थांबले.

"आज सकाळी काय?" पिह्लानं कर्णा उचलून त्यांच्या हातात दिला. "यात बोला. सकाळी सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हणाला होतात!"

लोक हसले. रायमो कानापर्यंत लाल झाले. पण त्यांनी कर्णा घेतला, हे त्यांचं कौतुकच म्हणायला हवं. "हेइमो खुणा लावायला विसरला असं मी म्हणालो," कर्ण्यातून आवाज तळ्यावर घुमला. "ते खोटं होतं. चूक माझी होती. या तीन मुलांनी आज माझी नात वाचवली, नऊ मुलं वाचवली. मी त्यांचा जन्मभराचा देणेकरी आहे."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला! हातमोजे घातलेल्या हातांच्या टाळ्या फार वाजत नाहीत, म्हणून लोकांनी पेट्यांवर गिरमिटं आपटली. सूप वाढणाऱ्या बाईंनी तिघांना पातेल्याच्या तळाचं, दाट सूप दिलं आणि वर दोन-दोन सॉसेज. "डबी म्हणालो होतो ना मी तिला?" रायमो पुल्लाकडे बघत पुटपुटले.

"हो," हेल्का तोंडात घास कोंबत म्हणाली. "आणि आता झाडं परत न्यायला ती डबी मिळणार नाही. तुम्ही ओढून न्या!"

रायमोंनी ओढली. सगळी, स्वतःच्या खांद्यावर दोर घेऊन. यार्क्कोनं मदत करायला हात पुढे केला, तर म्हणाले, "नको. माझं मला नेऊ दे."

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळे पुलाखाली पोचले. ओक्को भोकं पाडत होता, पिह्ला झाडं धरत होती, हेल्का पाणी ओतत होती, आणि रायमो मुलं सांगतील तिथे झाड पुढे करत होते. शेवटचं झाड, ओळीला बाहेरून वळसा घालून, पलीकडच्या काठाशी लावायचं होतं.

उक्की या काठावर उभे होते. साऱ्या गावाला माहीत होतं, बर्फाच्या बाबतीत हेइमो कुणाच्या शब्दावर पाऊल टाकत नाही. सख्ख्या भावाच्याही नाही. स्वतःच्या पहारीनं ठोकल्याशिवाय ते पुढे जातच नसत. त्यांनी हात पुढे केला, तशी हेल्कानं त्यांना पहार दिली.

उक्कींनी ती घेतली, क्षणभर हातात तोलली आणि शेजारच्या हिमात उभी रोवून ठेवली.

"ओक्को," ते म्हणाले, "कुठून येऊ?"

ओक्कोला आधी ते कळलंच नाही. मग कळलं, तसा तो उक्कींच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"माझ्या मागून ये, उक्की," तो म्हणाला.

आणि घसरगाडीचा आधार घेत, सगळ्या गावाच्या देखत, उक्की त्याच्या पावलांवर पाऊल टाकत पलीकडे गेले.